जर्मन वाक्यांतील क्रियापदाचें स्थान



जालना जिल्ह्यांतील आमच्या वाटूरसारख्या गांवीं जर्मन व्याकरणाची चर्चा व्हावी, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळाविषयीं करार केला, आणि तिकडे जाण्याची उमेद खेड्यांतील मुलेंही धरूं लागलीं.

शेजारचा असाच एक तरुण वही घेऊन मजकडे आला. परीक्षा तोंडावर आलेली. 'कारण मी जर्मन शिकतों' याचें त्यानें 'वाइल इश लेर्ने डॉइच' असें भाषांतर केलें होतें, व त्यावर तांबडी रेघ होती. "गुरुजी, शब्द सारे बरोबर आहेत, मग चुकलें काय?"

चुकली ती जागा. जर्मन भाषेंत साध्या विधानवाक्यांत क्रियापद दुसऱ्या स्थानीं बसतें: 'इश लेर्ने डॉइच', शब्दशः 'मी शिकतों जर्मन'. पण 'वाइल' म्हणजे कारण, 'दास' म्हणजे कीं, 'वेन' म्हणजे जर किंवा जेव्हां, अशा अव्ययानें गौण वाक्य सुरू झालें, कीं क्रियापद शेवटीं जातें: 'वाइल इश डॉइच लेर्ने'. हा क्रम थेट मराठीचा! क्रियापदें दोन असलीं तरी तसेंच: 'वाइल इश डॉइच लेर्नेन विल', म्हणजे 'कारण मी जर्मन शिकूं इच्छितों'.

मग मुलगा चुकला कां? तो इंग्रजीच्या वाटेनें गेला. इंग्रजींत 'कारण' आलें तरी क्रियापद कर्माच्या आधींच राहतें.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. गौण वाक्य आधीं आलें, तर तें सबंध वाक्यच पहिलें स्थान अडवितें, व मुख्य क्रियापद लागलीच पुढें येतें: 'वेन एस रेग्नेट, ब्लाइबे इश त्सू हाउझे', म्हणजे 'जेव्हां पाऊस पडतो, राहतों मी घरीं'. दुसरें, 'देन' याचाही अर्थ 'कारण'च. पण तें दोन मुख्य वाक्यें जोडतें, म्हणून त्यापुढें क्रियापद हलत नाहीं. बोलतांना कित्येक जर्मन लोक 'वाइल'पुढेंही हा क्रम मोडतात. लेखी परीक्षेंत मात्र ती सवलत नाहीं.

मुलानें आपलें वाक्य स्वतःच दुरुस्त केलें आणि तो हंसून म्हणाला, "गुरुजी, हें तर आपल्याच घरचें निघालें!" मीं त्यास बजावलें, "गौण वाक्यांत मराठीचें बोट धर. मुख्य वाक्यांत मात्र सोड."