रणगाड्याला वाचा फुटते (लेखांक सातवा)

सोव्हिएत सेनानी तुखाचेव्स्की यांच्या ‘सखोल युद्धा’च्या सिद्धांताचे विवेचन या लेखांकात करण्याचे मी कबूल केले होते, परंतु मध्यंतरी एका वाचकांनी पत्राने विचारलेला प्रश्न इतका मर्माचा आहे की, त्याचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे मला अप्रशस्त वाटते. बंद पोलादी पेटीत बसलेल्या माणसांना ऐन धुमश्चक्रीत हुकूम पोचतो तरी कसा, असे ते विचारतात.

पहिल्या महायुद्धात तो बहुधा पोचतच नसे. रेनॉच्या छोट्या ‘एफटी’ रणगाड्यात दोनच माणसे असत; चालक पुढे आणि नायक त्याच्या मागे, मनोऱ्यात. इंजिनाच्या गदारोळात शब्द ऐकू येणे अशक्य, म्हणून अमेरिकन तुकड्यांना खुणा शिकविल्या गेल्या त्या लाथांच्या: पाठीत बसली की पुढे चालावे, एका खांद्यावर बसली की त्या बाजूस वळावे, डोक्यावर बसली की थांबावे! बाहेरच्या जगाशी संबंध ठेवावयाचा तर निशाणे होती, आणि ब्रिटिश रणगाड्यांत तर निरोपाची कबुतरेही नेत. अशा फौजेला एकदा सोडल्यावर आवरणे किंवा वळविणे सेनापतीच्या हाती उरत नसे. कासऱ्यावाचून जुंपलेल्या बैलांची गत ती हीच.

ही उणीव प्रथम ओळखली ब्रिटिशांनी. 1927 साली सॅलिसबरीच्या माळरानावर उभारलेल्या प्रायोगिक यांत्रिक दलाचा उल्लेख मागे आलाच आहे. 1931 मध्ये त्याच मैदानावर ब्रिगेडियर चार्ल्स ब्रॉड यांनी तात्पुरत्या एकत्र आणलेल्या रणगाडा-ब्रिगेडचे संचालन बिनतारी ध्वनियंत्राच्या साह्याने केले, आणि दाट धुक्यातून ते सारे दल सुसंघटितपणे लष्करी मंडळाच्या वरिष्ठांपुढे आणून उभे केले. या दिवसाचे महत्त्व मला एखाद्या नव्या तोफेच्या शोधाहून अधिक वाटते. तथापि ब्रिटनमधील पुढल्या प्रयोगांचा कल रणगाड्यांनी आपसांतच बोलावे असा राहिला. पायदळ, तोफखाना आणि सुरुंग पेरणारे व पूल बांधणारे सफरमैना यांना त्या संभाषणात बरोबरीचे स्थान मिळाले नाही.

जर्मनीत ते मिळाले, याचे एक कारण तेथील रणगाडा-सेनानी हाइन्त्स गुडेरियन यांच्या पूर्वायुष्यात आहे. 1914 साली घोडदळाबरोबरच्या बिनतारी केंद्राचे ते प्रमुख होते. वेळेवर न पोचलेल्या बातमीची किंमत त्यांनी रणभूमीवरच पाहिली होती. ऑक्टोबर 1935 मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या तीन पँझर डिव्हिजनांत म्हणूनच रणगाड्यांसोबत मोटारीवर चढविलेले पायदळ, तोफखाना आणि सफरमैना तर होतेच, शिवाय या सर्वांना एका सूत्रात ओवणारी स्वतंत्र संदेश-बटालियनही होती.

याचे प्रत्यंतर मे 1940 मध्ये, फ्रान्सवरील जर्मन चढाईत आले. फ्रान्सच्या ‘बी-वन बिस’ रणगाड्याचे चिलखत 60 मिलिमीटर जाडीचे, म्हणजे तत्कालीन जर्मन रणगाड्यांहून सरस. परंतु त्याच्या मनोऱ्यात एकटा नायक, आणि तोच तोफ ठासणार, नेम धरणार, बार काढणार व हुकूमही देणार! फ्रान्सच्या हलक्या ‘आर-35’ रणगाड्यांपैकी बहुतेकांत तर बिनतारी यंत्रच नव्हते. उलट जर्मन ‘पँझर तीन’च्या मनोऱ्यात तिघे बसत, त्यामुळे नायकाचे डोळे आणि कान मोकळे राहत, बिनतारीसाठी पुढे निराळा माणूस असे. स्वतः गुडेरियन ज्या चिलखती गाडीतून फिरत, तिच्यात बिनतारी यंत्रांबरोबर सांकेतिक लिपीचे ‘एनिग्मा’ही ठेवलेले होते; त्यामुळे आघाडीवर राहूनही त्यांना आपल्या संपूर्ण कोअरची सूत्रे हलविता येत.

पत्रलेखक वाचकांना माझे उत्तर हे असे आहे. विविध दलांचा संयोग कागदावरच्या रचनेने सिद्ध होत नाही. ऐन लढाईत त्या दलांना परस्परांशी बोलता आले तरच तो सिद्ध होतो, आणि या कसोटीवर दोन युद्धांमधल्या काळातील खरी क्रांती मी पोलादाची नव्हे, बिनतारीची मानतो. वाचकांनी एवढे सूत्र ध्यानी ठेवावे. तुखाचेव्स्कींची भव्य योजना पुढील लेखांकात याच निकषावर पारखून घ्यावयाची आहे.