ओहोटीला मोकळे होणारे बेट

(व्याख्यानमालेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



विश्वस्तांनी मला विषय दिला होता, ‘आखातातील माझे अनुभव’. भूमापनाच्या नोकरीत माझी बरीच वर्षे रास अल खैमाच्या किनाऱ्यावर गेली, हे खरे. परंतु पगार, उकाडा आणि व्हिसा यांच्या कथा आपण आपापल्या आप्तांकडून पुष्कळ ऐकल्या असतील. म्हणून मी आज एका बेटाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव जझिरत अल हमरा, म्हणजे तांबडे बेट. आजच्या नकाशावर ते बेट म्हणून सापडणार नाही. भराव घातल्यामुळे ते आता मुख्य भूमीला जोडले गेले आहे. पण एके काळी भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असे आणि ओहोटीला माणसे चालत पलीकडे जात.

आपल्यापैकी ज्यांची मुळे अष्टागरात आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. अलिबागचा कुलाबा किल्ला नेमका असाच आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तेथे चालत गेलो होतो. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. तिच्यापाशी आम्ही डबे सोडून रेंगाळलो, आणि परत निघालो तेव्हा पाणी वडिलांच्या कमरेला लागले. मला त्यांनी खांद्यावर घेतले. माझ्या चपला मात्र समुद्राने ठेवून घेतल्या. वडिलांचा भरतीचा हिशेब चुकला नव्हता, जेवण लांबले होते.

तो हिशेब आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सुमारे सव्वासहा तास आधी, म्हणजे नऊच्या आतबाहेर, पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तासाने उशिरा येतो, त्याचेच हे गणित आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते; अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला यहुदी महिनाही चंद्राचाच आहे. रोश होदेश अमावास्येला लागून येतो, त्यामुळे आपल्या पंचांगातील तारीख आणि हिंदू तिथी यांत फार तर एखाद्या दिवसाचे अंतर पडते. पेसाहची पहिली रात्र निसानच्या पंधराव्या तारखेची, सुक्कोथची तिश्रीच्या पंधराव्या तारखेची. दोन्ही पौर्णिमेच्या, म्हणजे दोन्ही उधाणाच्या. कोकणात आपले पूर्वज ग्रंथांवाचून राहिले, तरी सण विसरले नाहीत, याचे आपण नवल करतो. ज्यांच्या दारात दर पंधरवड्याला समुद्र चढून येतो, त्यांना महिना कधी भरला हे विचारावे लागले नसेल, असे माझे आपले एक मत आहे. विद्वानांनी ते मान्य करावे असा आग्रह नाही.

आखातात हा पाऊणपटीचा हिशेब चालत नाही. मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. रास अल खैमाच्या बाजूला हा फरक दीड-दोन मीटरांच्या घरातला. शिवाय एकाच दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि त्यांची वेळ जागोजागी बदलते. तथापि किनारा इतका सपाट, की मीटरभर पाणी उतरले तरी मोठा पट्टा उघडा पडतो.

रास अल खैमाच्या उत्तरेला चुनखडीचे उघडेबोडके डोंगर थेट समुद्रापर्यंत येतात. त्यांच्याकडे पाहिले की मनात धडकी भरते. पूर्वेला फुजैराचा किनाराही तसाच खडकाळ. तेथे अल अका येथे किनाऱ्यालगत एक छोटे खडकाळ बेट आहे, ओहोटीला मधले पाणी अगदी उथळ होते. त्याचा आकार व्यंगचित्रातील कुत्र्यासारखा दिसतो म्हणून सारे जग त्याला स्नूपी म्हणते. ते बेट खडकाचे, आपला कुलाबा काळ्या कातळावरचा. जझिरत अल हमरा मात्र वाळूचे. शमाल नावाचे वायव्येचे वारे लाटांना तिरपे किनाऱ्यावर आणतात आणि त्या लाटा वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने ईशान्येकडे ढकलत नेतात. त्या वाळूचे लांब दांडे बनतात आणि दांड्यामागे उथळ खाडी राहते. खडकाचे बेट हजारो वर्षे जागचे हलत नाही. वाळूच्या बेटाला आणि त्याच्या खाडीला आयुष्य असते. त्याच किनाऱ्यावरील जुल्फार हे नामांकित बंदर याच कारणाने सरकत गेले. खाडी गाळाने भरली की वस्तीने समुद्राच्या दिशेने पुढे जायचे, असे शतकानुशतके चालले.

या तांबड्या बेटावर झाब जमातीचे लोक राहत. गावाचे दोन भाग होते, उत्तरेला लहान उम्म अवैमिर आणि दक्षिणेला मोठा मनाख. प्रपंच मोत्यांचा. उन्हाळ्यात पुरुष नौका घेऊन मोत्यांच्या शिंपल्यांच्या थरांवर जात, आणि बायकामुले खजुरीच्या बागांच्या आश्रयाला. बेटावर राहण्याचे कारण सरळ आहे. जमिनीवरून येणाऱ्या हल्लेखोराला दिवसातून दोनदा समुद्र अडवतो आणि आपल्या नौकांना मागच्या खाडीत निवारा मिळतो. कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्याला आपले ठाणे केले तेही याच गणिताने. तो किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केला. त्याच्या तटाचे मोठे चिरे चुन्यावाचून रचलेले आहेत, त्यामुळे लाट फटीत शिरून आपला जोर गमावते.

मुंबईचा आणि त्या बेटाचा संबंध दोन प्रकारचा. एक तोफांचा. 1819 च्या अखेरीस मेजर जनरल कीर यांच्या हाताखाली मुंबईहून आरमार निघाले आणि त्याने रास अल खैमा जिंकले. त्यानंतर जानेवारी 1820 मध्ये जो सागरी तह झाला, त्यावर या बेटाचे शेख राजिब बिन अहमद यांचीही सही आहे. इंग्रजी सैन्य बेटावर पोहोचले तेव्हा गाव रिकामे होते. ते पहिल्यांदा रिकामे झाले ते असे. दुसरा संबंध मोत्यांचा. आखाती मोती मुंबईच्या बाजारात येत. येथेच त्यांना भोके पाडत, माळा ओवत, आणि मग ते पॅरिसला जात. त्या किनाऱ्यावर 1966 पर्यंत रुपया चालत असे. पुढे जपानी संवर्धित मोती आले, 1929 ची जागतिक मंदी आली, आणि तो धंदा बसला.

गावाची घरे पाहावीत अशी आहेत. समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगड, मध्ये चुना, आणि भिंतीत जागोजागी अख्खे शिंपले. प्रवाळ सच्छिद्र असल्यामुळे भिंत उष्णता आत येऊ देत नाही. छताला आफ्रिकेहून आणलेले कांदळवनाचे वासे. ते जेवढे लांब, तेवढीच खोली रुंद, म्हणून साऱ्या खोल्या अरुंद आणि लांबट. श्रीमंताच्या घरावर वारा खाली ओढणारा मनोरा. हे सारे आज उभे आहे, काही डागडुजी केलेले, काही ढासळलेले. परंतु त्यांत कोणी राहत नाही. 1968 मध्ये रास अल खैमाच्या शासकांशी बिनसल्यावर झाब मंडळी गाव सोडून गेली आणि बहुतेक अबूधाबीत स्थायिक झाली. तेव्हा संयुक्त अमिराती हे राष्ट्रच नव्हते. ते 2 डिसेंबर 1971 रोजी झाले. म्हणजे ही माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली.

आता लोक म्हणतात, तेथे भुते आहेत. मी पुष्कळदा गेलो, मला एकही भेटले नाही. एकदा मात्र एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते मुलाला आणि नातवाला घेऊन आले होते, आणि गल्लीत उभे राहून काठीने एकेक दार दाखवीत होते. हे अमक्याचे, हे तमक्याचे. एका दारापाशी ते अडले. कोणाचे, ते आठवेना. नातू कंटाळला होता, फोनमध्ये पाहत होता. वृद्ध गृहस्थ मला उद्देशून अरबीत म्हणाले, “तुम्हाला ठाऊक आहे का?” मी परका, मला काय ठाऊक असणार! परंतु त्या प्रश्नाने मी रात्रभर झोपलो नाही, कारण माझ्या बॅगेत एक कागद होता. आमच्या अलिबागकडच्या घराच्या विक्रीला माझी संमती हवी होती. चुलत भावंडे अश्दोद आणि लोदला, घराला कुलूप, कौले गळू लागलेली. त्यांचे म्हणणे वाजवीच होते. मी मात्र त्या रात्री आठवू पाहत होतो, की आमच्या आळीतले तिसरे दार कोणाचे. मला आठवले नाही.

आणखी एका दगडाविषयी सांगितले पाहिजे, कारण या सभागृहात तो न सांगणे बरोबर होणार नाही. त्या बेटाहून फार दूर नाही असे शिमल नावाचे ठिकाण आहे, डोंगराच्या पायथ्याशी. तेथे हिब्रू अक्षरे कोरलेला एक कबरीचा दगड सापडला. मोशे यांचा पुत्र दावीद, एवढी त्याची ओळख. अभ्यासक तो हुर्मुझच्या भरभराटीच्या काळातला, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातला मानतात. व्यापारासाठी जुल्फारला आलेला कोणी यहुदी असावा. त्याच्या मागे मिनियान जमला होता की नाही, कद्दीश कोणी म्हटले, हे दगड सांगत नाही. पण नाव राहिले.

नवगावला आपले उलट आहे. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बाकीच्यांना तेथेच पुरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या जागी नाव एकाचेही नाही. वंश मात्र आपण आहोत, आणि आपली नावे गावांवरून पडली, नवगावकर, पेणकर, दिवेकर. झाब मंडळी अबूधाबीत आपल्या वस्तीला जमातीचे नाव लावून राहिली, ते मला म्हणूनच ओळखीचे वाटले.

कागदाचे काय झाले, असे आपण विचाराल. मी अजून सही केलेली नाही आणि नकारही कळवलेला नाही. भावंडांना एवढेच लिहिले, की विकण्यापूर्वी आळीचा नकाशा काढू. कोणते दार कोणाचे, विहीर कोठे, प्रार्थनेला माणसे कोणाच्या ओटीवर जमत. माझा धंदाच नकाशांचा. निम्मा झाला आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी मला बाहेर टेबलापाशी भेटावे, मी कोरा कागद आणला आहे.

आणि नवगावच्या सहलीबरोबर कुलाबा किल्ला पाहायचा असेल, तर सेक्रेटरीसाहेबांना विनंती, की यहुदी महिन्याच्या चार तारखेच्या सुमारास, पण शब्बाथ सोडून, दिवस धरावा. सकाळी आठ वाजता किनाऱ्यावर हजर राहावे आणि साडेदहाच्या आत परत यावे. डबे किल्ल्यात सोडू नयेत.