जुना सांधा घेतलात? आधी पाती बघा

ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वेच्या बाजारात 'ओओ' गेजचे (रुळांतले अंतर 16.5 मि.मी.) जुने सांधे (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे) स्वस्तात मिळतात. डेव्हनमधल्या पेको कंपनीचे त्यांत बरेच. इंजिन नेमके सांध्यावर अडले की लोक मोटरला दोष देतात. दुखणे बहुधा पात्याच्या टोकाशी असते.

या सांध्यात वीज पुढे जाते ती सरकणारे पाते बाजूच्या रुळाला टेकते म्हणून. त्या टेकण्याच्या जागी काजळी धरली की प्रवाह तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेली कापसाची काडी पुरते. सँडपेपर नकोच, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. रूळ निकेल सिल्व्हरचे असतील (नावात चांदी, अंगात तांबे, निकेल आणि जस्त) तर ते गंजत नाहीत. जुने पोलादी रूळ गंजतात, आणि खड्डे पडलेला पोलादी सांधा घेऊच नये.

पाते टेकून न राहता मधेच लोंबकळत असेल तर मधली बारीक स्प्रिंग निसटलेली असते. ती बसवताना वरून बोट धरा, नाहीतर उडून पलंगाखाली जाते.

पाते आणि रूळ यांना तार डाखून जोडण्याचा उपाय पक्का, पण 'इलेक्ट्रोफ्रॉग' प्रकारात सावध. तिथे दोन्ही पाती, रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या धातूच्या 'व्ही'शी विजेने जोडलेली असतात. तो दुवा आधी कापला नाही, तर वीज सोडताच शॉर्ट सर्किट.