गळ, काटा आणि पावतीपुस्तक

पहाटे ५

कॉलेजच्या मागच्या खोलीतून सामान काढून जीपमध्ये टाकतो. चुन्याची फक्की, दोन बादल्या, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूब, दोरखंड, वजनकाटा, पावतीपुस्तक. मी खेळाचा मास्तर, पण आज मैदान नाही, तलाव आहे. गळ टाकायची स्पर्धा ठेवलीय. माणशी १०० रुपये फी, उरेल तो पैसा कबड्डी संघाचा.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली झालं, नागपूरचा हेलपाटा वाचला. तरी सामने गडचिरोलीकडे लागले की गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर, मूल असा जिल्हा आडवा कापावा लागतोच. भाडं, मुक्काम, जेवण. आजवर वर्गणीवर भागवलं. पण आमच्या जिवतीच्या बाजारपेठेत दुकानं ती किती? गणपती, शारदा, सेवालाल जयंती, आंबेडकर जयंती, सगळ्यांची पावतीपुस्तकं त्याच गल्ल्यांसमोर उघडतात. आमची पोरं कोपऱ्यावर दिसली की शेठ मोबाइल कानाला लावतात. त्यांचं तरी काय चुकलं?

६

तलावावर मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आधीच हजर. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. पाण्यावर धुकं आहे, काठावर कुणी नाही. असा तलाव बघितला की वाटतं, हा कुणाचाच नाही. पण ठेका संस्थेचा आहे. पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली त्यांनी पदरच्या पैशाने आणून सोडली, रात्री राखण केली. म्हणून पहिली परवानगी त्यांची. ग्रामसभेतही विषय ठेवला. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या मासळीचा हक्क सामूहिक हक्कांमध्ये धरलाय, आणि इकडच्या गावांना तो कायदा चांगला ठाऊक आहे. पोलिसांना अर्ज दिला तो शेवटी.

कल्पना पोरांची. अमेरिकेतल्या कॉलेजांत बास नावाच्या माशावर अख्खे क्लब चालतात, त्याचे व्हिडिओ त्यांनी बघितले. मीही मग शोधलं. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर १०६ जण जमवले आणि माणशी १०० डॉलर घेतले. फी आमचीही १००च, चलन तेवढं वेगळं. पुढे १९७२ पासून त्याने पकडलेला मासा जिवंत परत सोडायची पद्धत पाडली. हे मी सभेत सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "पकडून सोडाचा? मंग पकडाचा काहून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: जाळं नाही, माणशी एकच गळ, अर्धा किलोच्या आतला मासा परत पाण्यात. बाकीची मासळी संस्थेची. ज्याला हवी त्याने बाजारभावाने विकत घ्यायची.

७.३०

नावनोंदणी. चुन्याने आखलेल्या जागांच्या चिठ्ठ्या काढल्या, कारण सांडव्याजवळची जागा सगळ्यांनाच हवी. ट्यूब आणि दोरखंड घेऊन पोहणारी चार पोरं काठावर. बचत गटाच्या बायांनी तर्री-पोह्यांची कढई चढवली.

८ ते ११

या तीन तासांत मला काम नसतं. फिरतो. बहुतेकांकडे बांबूची काडी आणि तंगूस. कुणी कणकेच्या गोळ्यात ढेप मिसळलीय, कुणी गांडुळं आणलीत. एका पोराने ऑनलाइन मागवलेला रीळवाला रॉड आणलाय. त्याच्याभोवती गर्दी, मासा मात्र शेजारच्या कोलाम आजोबांना. इथे लोकांना गप्प बसवत नाही. गोंडी, बंजारा, तेलुगू, नांदेड-लातूरकडून येऊन इथे वसलेल्यांची मराठवाडी, सगळं एकाच काठावर ऐकू येतं.

बासच्या स्वभावाचा आपला मासा म्हणजे मरळ. तोही दबा धरून झडप घालतो, आणि पिलांची राखण करतो. हवा घ्यायला वर येतो तेव्हा पाण्यावर एक बुडबुडा फुटतो. जाणकार तिथेच जिवंत बेडकी टाकतात. आज एकच मरळ लागली. ती तंगूस तोडून गेली आणि अर्धा तास सगळ्यांना तोच विषय पुरला.

११.३०

वजन. मासा तडफडून मरू नये म्हणून बादलीत पाणी घेऊन आधी काटा शून्यावर आणतो, मग त्यात मासा सोडतो. मासा शेपूट हाणतो, आकडे नाचतात. ओलं फडकं वर टाकलं की थंडावतो.

काट्याजवळ एक ढिवर काका बसवलेत. त्यांचं काम लबाडी पकडणं. २०२२ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे सापडले, दोघे स्पर्धक पुढे तुरुंगात गेले. आपल्याकडे एवढं डोकं कुणी लढवत नाही. रात्री जाळ्यात धरलेला मासा सकाळी गळाला लागला म्हणून आणतात. काका कल्ला उचलून बघतात. तांबडाभडक असेल तर ताजा, फिका असेल तर कालचा. मग अंगठा खवल्यांवरून उलटा फिरवतात, जाळ्याचे वळ शोधतात, शेवटी ओठ बघतात: गळाचं भोक आहे की नाही. एक मृगळ त्यांनी काही न बोलता बाजूला ठेवला. आणणारा भांडला नाही, हळूच पोह्यांकडे गेला.

खरं भांडण वेगळंच निघालं. दोन रोहू, दोन्ही १ किलो २०० ग्रॅम. काटा कापूस मोजायचा, ५० ग्रॅमच्या टप्प्याने सरकणारा. दोन्ही बाजूंचे समर्थक काट्याभोवती. शेवटी गाडी पाठवून किराणा दुकानातला छोटा काटा आणला, तो शेठ स्वतःच घेऊन आला. वर्गणी नाकारणारा हाच. त्याने दोन्ही मासे मोजले, २० ग्रॅमने निकाल दिला आणि हरलेला रोहू स्वतः विकत घेतला.

१.३०

बक्षिसं. भाषणं दोनच होऊ दिली.

३

हिशेब. मंडप, बक्षिसं, डिझेल जाता फीमधून फार उरलं नाही. पोह्यांनी मात्र कमावलं. बायांनी आपला खर्च आणि मजुरी काढून ठरलेला वाटा संघाला दिला. दोन्ही मिळून भाड्याचे पैसे निघाले, बुटांचे नाही. बुटांसाठी पावतीपुस्तक काढावं लागणारच.

५

भाऊंना मासळीचे पैसे मोजून दिले. पोरांना पुढची स्पर्धा पावसाळ्यात हवी, तलाव भरलेला असतो म्हणून. भाऊंनी साफ नाही म्हटलं: तेव्हा मरळ पिलांवर असते, आणि मत्स्यबीजही तेव्हाच सोडायचं. "त्यापेक्षा बीज आलं की हात लावायला या. पिशव्या उतरवायला माणसं कमी पडतात." कर्णधाराने तिथेच दहा नावं लिहून दिली. त्यातल्या तिघांना अजून विचारायचंय.