पडणाऱ्याच्या समोर पडणारा

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट २०११ साली आला आणि स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाच्या आकाशात तिघे मित्र विमानातून उड्या घेतात तो प्रसंग आपल्याकडच्या घराघरांत पोचला. त्यातली भीती लक्षात राहिली, गाणं लक्षात राहिलं. एक साधा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडला नाही. पडणारी माणसं आपल्याला समोरून दिसतात, तर त्यांच्या समोर कोण आहे? विमान तर केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं आणि जमीन तीन-चार किलोमीटर खाली असते. मधे उभं राहायला काही नाही. म्हणजे कॅमेरा ज्याच्या हेल्मेटवर आहे तो माणूसही तितक्याच वेगाने, त्याच दिशेने पडतो आहे. छायाचित्रकार म्हटलं की घटनेच्या बाहेर, जरा बाजूला उभा असलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. लग्नातला फोटोग्राफर फेरे घेत नाही, क्रिकेटचा छायाचित्रकार सीमारेषेपलीकडे बसतो. स्कायडायव्हिंगच्या छायाचित्रकाराला ही सोयच नाही. तो आधी उडी मारणारा आहे, छायाचित्रकार त्यानंतर. त्याच्या चित्राची गुणवत्ता कॅमेऱ्यावर थोडी आणि त्याच्या शरीरावर बरीच अवलंबून असते. हे म्हणणं अतिशयोक्तीचं वाटेल, म्हणून त्याचं कामच जरा जवळून पाहू.

बारा-तेरा हजार फुटांवरून उडी मारली की पॅराशूट उघडेपर्यंत साधारण ४५ ते ६० सेकंद मिळतात. पोटावर आडवा पडणारा माणूस या वेळात ताशी १९० ते २०० किलोमीटरचा वेग गाठतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. आता हिशेब करा. छायाचित्रकाराने विमान सोडायला एक सेकंद उशीर केला, तर दोघांचा वेग स्थिरावेपर्यंत त्यांच्यात पन्नासेक मीटरचं अंतर पडलेलं असेल आणि ते भरून काढण्यातच निम्मी उडी संपेल. म्हणून तो दाराबाहेर येऊन विमानाला धरून लटकतो आणि समोरच्याच्या हालचालीवरून अंदाज घेत क्षणभर आधी किंवा अगदी बरोबरीने हात सोडतो. पुढचं सगळं काम अंतर राखण्याचं. त्याच्या अंगरख्याला बाहीपासून कमरेपर्यंत कापडी पंख शिवलेले असतात. हात पसरले की हवेचा अडथळा वाढून तो वर राहतो, हात आखडले की खाली सरकतो. हात असे उडण्यात गुंतल्यावर कॅमेऱ्याचं बटण दाबणार कोण? त्यासाठी तोंडात एक छोटा स्विच असतो. तो दातांनी किंवा जिभेने दाबला की छायाचित्र निघतं. एका डोळ्यापुढे नेम धरायचं भिंग बसवलेलं असतं, कारण कॅमेऱ्याच्या मागे डोळा लावायला जागाच नसते. मान मात्र इकडेतिकडे वळवायची नाही, कारण तिथे मान हीच तिपाई आहे. इतर उडी मारणारे मनगटावरचं उंची दाखवणारं घड्याळ बघतात. याची नजर समोर बांधलेली असल्यामुळे हेल्मेटच्या आतलं यंत्र ठरावीक उंचीला कानाशी वाजतं आणि त्याला जमीन जवळ आल्याचं सांगतं.

छायाचित्रणाचे नेहमीचे प्रश्नही या अडचणींतूनच सोडवावे लागतात. आकाशाला पार्श्वभूमी म्हणून काही रूप नाही, त्यामुळे लांबून काढलेल्या चित्रात माणूस ठिपक्याएवढा दिसतो. मग रुंद कोनाचं भिंग लावून दोन-तीन मीटरांवर जायचं. पडणाऱ्याचं तोंड जमिनीकडे आणि सूर्य त्याच्या पाठीशी, म्हणजे चेहरा सावलीत. मग उजेड कुठून येतो ते पाहून त्याच्याभोवती फिरायचं, थोडं खाली जाऊन मागे निळं आकाश घ्यायचं किंवा थोडं वर राहून खालची शेतं आणि किनारा घ्यायचा. जमिनीवर ज्याला आपण चौकटीची निवड म्हणतो, ती इथे अंगाचा बाक आणि गुडघ्यांचा कोन बदलून होते. वर जायचं तरी सरळ डोक्यावर नाही. पडणाऱ्या माणसाच्या वरच्या बाजूला हवा विस्कटलेली असते. तिच्यात शिरणाऱ्याचा आधार जातो आणि तो धाडकन खालच्याच्या पाठीवर आदळतो.

नवख्या माणसाला प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून जी उडी मारतात, त्या टँडम उडीचे व्हिडिओ आता सर्वांनी पाहिले आहेत. दुबईला जाऊन आलेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या फोनमध्ये पाम जुमेराच्या बेटावरची अशी एखादी उडी हमखास असते. दोन माणसांचं वजन एकत्र पडलं तर वेग फारच वाढेल, म्हणून प्रशिक्षक सुरुवातीलाच एक छोटी छत्री मागे सोडतो आणि जोडीचा वेग एकट्या माणसाच्या वेगाइतका राहतो. छायाचित्रकाराला त्यांच्यासोबत राहता येतं ते या छत्रीच्या कृपेने. मग मोठं पॅराशूट उघडतं आणि व्हिडिओत ती जोडी झर्रकन वर खेचली गेल्यासारखी दिसते. पाहणारे हटकून विचारतात की माणूस वर कसा गेला. वर कोणीच जात नाही. जोडीचा वेग कमी होतो आणि कॅमेरा तसाच खाली पडत राहतो. आपण वर जाणारी माणसं म्हणून जे पाहतो, ते खरं तर छायाचित्रकाराचं खाली जाणं असतं. त्या चित्रात तो दिसत नाही, पण त्याची हालचाल पूर्ण उमटलेली असते. पुढे तो स्वतःचं पॅराशूट आणखी खाली उघडतो, छोट्या आणि वेगवान छत्रीने आधी उतरतो आणि पाहुणे जमिनीला टेकताना कॅमेरा रोखून तयार असतो. त्यानंतर चित्रफीत जोडायची, पॅराशूट घडी घालून भरायचं आणि पुढच्या फेरीच्या विमानात बसायचं. गजबजलेल्या केंद्रावर दिवसभर हाच क्रम चालतो. रोमांच वगैरे गिऱ्हाइकासाठी. याच्यासाठी ती मजुरी आहे, आणि प्रत्येक वेळी पॅराशूट उघडताना बसणारा हिसका हेल्मेटच्या वजनासकट मानेला सोसावा लागतो.

खेळाच्या नियमांतही त्याचं सहभागी असणं मान्य झालेलं आहे, आणि मला हा पुरावा सर्वांत भक्कम वाटतो. चौघांनी हवेत एकमेकांना धरून एकामागून एक ठरलेल्या आकृत्या करायच्या, अशी एक जागतिक स्पर्धा आहे. विमान सोडल्यापासूनची ३५ सेकंदं मोजली जातात. पूर्वी पंच जमिनीवरून मोठ्या दुर्बिणींनी पाहत. आता संघाच्या वर राहून पाचवा माणूस जे टिपतो, त्यावरच गुण ठरतात. एखादी पकड त्याच्या चौकटीबाहेर राहिली तर ती झालीच असं पंच मानत नाहीत. म्हणून संघ पाच जणांचा धरतात आणि पदक कॅमेरावाल्यालाही मिळतं. हवेतल्या कसरतींच्या ‘फ्रीस्टाइल’ प्रकारात तर संघ दोघांचाच असतो, एक कसरत करणारा आणि एक टिपणारा. चित्रणाच्या दर्जालाही तिथे गुण आहेत. कसरत करणारा वळला की टिपणारा त्याच्याभोवती फिरतो, दोघांचं मिळून एक नृत्य होतं. दुसऱ्या कुठल्या खेळात छायाचित्रकाराची चूक खेळाडूच्या गुणांतून वजा होते?

यावर एक शंका रास्त आहे. जो स्वतः सहभागी, त्याच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधल्या उदोन थानीच्या आकाशात ४०० जणांनी एकमेकांना धरून एक आकृती केली. त्यासाठी पाच हर्क्युलिस विमानं लागली आणि आकृती टिकली ४.२५ सेकंद. चारशे जणांपैकी प्रत्येक जण आपापल्या जागी होता की नाही, हे सांगणं हवेतल्या कुणालाही शक्य नव्हतं, कारण प्रत्येकाला फक्त शेजारचे दिसत होते. पंचांनी छायाचित्रं घेतली, आधी ठरवून दिलेल्या नकाशाशी एकेक माणूस ताडून पाहिला आणि मग विक्रम मान्य केला. तिथे छायाचित्रकार उडीत होते, पण आकृतीत नव्हते. कुणाला हात न लावता, कुणाच्या डोक्यावर न जाता त्यांनी ठरलेली जागा धरून ठेवली. सहभाग म्हणजे लुडबुड नव्हे. त्यांची साक्ष ग्राह्य ठरते ती याच शिस्तीमुळे. छायाचित्राची साक्ष किती दूर पोचते याचं आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टाया इथे नऊवारी नेसून उडी मारली. नऊवारीवर हार्नेस, पाठीवर पॅराशूट, डोक्यावर हेल्मेट. हे नुसतं लिहून आलं असतं तर विक्रमांच्या यादीत आणखी एका ओळीची भर पडली असती. छायाचित्र आलं म्हणून ते गावोगावी माहीत झालं.

अर्थात कॅमेरा नेहमीच इतका निरुपद्रवी राहिलेला नाही, आणि कार्ल बोनिश या अमेरिकी माणसाचं आयुष्य त्याची साक्ष देतं. शिक्षणाने इंजिनिअर असलेल्या बोनिशने नोकरी सोडून हवेतलं चित्रण हाच व्यवसाय केला. १९६९ सालच्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटातली पडण्याची दृश्यं त्याने हेल्मेटवर कॅमेरा बसवून टिपली. पुढे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानातल्या एल कॅपिटन या सुमारे तीन हजार फुटी कड्यावरून त्याने साथीदारांच्या उड्या चित्रित केल्या. असे एकदोन प्रयत्न पूर्वीही झाले होते, पण या चित्रफिती पाहून लोक त्या कड्याकडे धावू लागले. उद्यानाने १९८० मध्ये काही महिने परवानगी देऊन पाहिली आणि नंतर बंदी घातली. इमारत, मनोरा, पूल आणि कडा यांवरून उडी मारण्याचा ‘बेस’ हा खेळ रुजला तो यानंतर. म्हणजे इथे कॅमेऱ्याने घटना टिपली नाही, घडवली. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रोलवेगन या कड्यावरून उडी मारताना बोनिशचा मृत्यू झाला. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने आणि पत्नी जीन यांनी तिथून विक्रमी उडी मारली होती. त्याच्या चित्रांचं सौंदर्य मान्य करूनही, ती पाहून कड्यावर गेलेल्यांचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा हा प्रश्न शिल्लक राहतोच.

चित्रपटवाल्यांनी या कलेला पैसा दिला आणि तिची किंमत किती असते हेही दाखवलं. ‘मूनरेकर’ या १९७९ सालच्या बाँडपटाच्या सुरुवातीला पॅराशूटशिवाय विमानाबाहेर फेकला गेलेला बाँड शत्रूचं पॅराशूट हवेतच हिसकावून घेतो. पॅराशूट कपड्यांखाली लपवलेलं होतं, पण पडणं खरं होतं. पडद्यावरच्या दोनेक मिनिटांसाठी ८८ उड्या माराव्या लागल्या, कारण एका उडीत हाती लागत होते जेमतेम काही सेकंद. ‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतल्या २०१८ च्या चित्रपटात टॉम क्रूझ २५ हजार फुटांवरून उडी मारतो. त्याच्यापुढे, पाठ आकाशाकडे करून, विमानातून उलटा बाहेर पडणारा कॅमेरामन होता क्रेग ओब्रायन. सूर्यास्ताच्या सुमाराचा उजेड जेमतेम काही मिनिटांचा, म्हणून दिवसाला एकच संधी. क्रूझचा चेहरा स्पष्ट यायचा तर तीनेक फुटांचं अंतर राखणं भाग होतं. सराव धरून एकूण १०६ उड्या झाल्या. जाहिरात नटाच्या धाडसाची झाली. ती खोटी नव्हती, पण त्याने मारलेली प्रत्येक उडी समोरच्यालाही मारावी लागली होती, तीही डोक्यावर जड कॅमेरा घेऊन. नावावरून प्रेक्षक ओळखतात ते एकालाच.

मग कुणी म्हणेल, एवढा जीव धोक्यात घालण्याइतकं त्या चित्रात आहे तरी काय? हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक जण दुसऱ्यांचं चित्रण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला. पाठीवर चित्रणाचं साहित्य होतं, पॅराशूट नव्हतं. ते घालायचं तो विसरला होता. अनुभव कमी म्हणून हा अपघात झाला नाही. लक्ष संपूर्णपणे कॅमेऱ्याकडे गेल्यामुळे झाला, आणि हाच या कामाचा खास धोका आहे. पॅराशूटची दोरी हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात अडकणं हा दुसरा; म्हणून संकटात एका ओढीत सुटणारं हेल्मेट वापरतात. अमेरिकी पॅराशूट संघटना किमान २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये असा सल्ला देते तो याचसाठी. उडणं विचार न करता जमू लागलं, तरच मनाचा एक कोपरा चित्रासाठी मोकळा होतो. आधी उडणारा आणि मग छायाचित्रकार, हा क्रम अहंकारातून आलेला नाही, अपघातांतून आलेला आहे. तरीही धोका शून्य होत नाही हे मान्य करायलाच हवं. पाहुण्याची हौस म्हणून काढलेल्या व्हिडिओसाठी तो पत्करावा का, याचं माझं उत्तर ठाम ‘हो’ असं नाही.

ते उत्तर बाजार आपल्या पद्धतीने देऊ लागलाच आहे. हाताच्या मुठीएवढे कॅमेरे आल्यापासून टँडमचा प्रशिक्षक मनगटाच्या पट्ट्यावर कॅमेरा बांधून चित्रण करतो. वेगळा माणूस नको, विमानात एक जागा वाचते, गिऱ्हाइकालाही स्वस्त पडतं. चेहऱ्यावरचे भाव त्यात उत्तम येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो कॅमेरा हाताच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही. विमानाच्या दारातून जोडी सुटण्याचा क्षण बाहेरून दिसत नाही, वर खेचलं जाण्याचा तो भासही नाही, कारण कॅमेरा जोडीबरोबरच थांबतो. चारशे जणांची आकृती किंवा पस्तीस सेकंदांची स्पर्धा मनगटावरून टिपता येणार नाही. शिवाय छोटा कॅमेरा निरुपद्रवी दिसतो, म्हणून वीस-पंचवीस उड्या झालेले नवशिकेही तो हेल्मेटला चिकटवायला निघतात. कॅमेऱ्याचं वजन घटलं तरी लक्ष विचलित करण्याची त्याची ताकद तेवढीच आहे. तेव्हा हौशी पाहुण्यांचं काम या छायाचित्रकारांच्या हातून बरंचसं जाईल, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं फार काही नाही. स्पर्धा, विक्रम आणि चित्रपट राहतील. अडचण आहे ती एवढीच, की त्या कामासाठी लागणारा सराव आजवर पाहुण्यांच्या उड्यांमधूनच होत आला, त्याचा विमानाचा आणि इंधनाचा खर्च पाहुणाच भरत होता. तो खर्च उद्या कुणी उचलायचा, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.