आधीच ठरलेला डेस्कटॉप

नांदुऱ्यातल्या एखाद्या शाळेत जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स ही प्रणाली टाकताना डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सारी मांडणी, निवडता येतो. बहुतेक जण मात्र समोर आधीच खूण केलेला पर्याय तसाच ठेवतात, म्हणून ती खूण कोणावर असावी हा मोठा प्रश्न. २०१३मध्ये डेबियनने ग्नोम या डेस्कटॉपऐवजी हलका एक्सएफसीई पुढे केला. २०१४मध्ये पुन्हा ग्नोम आणला. त्यामागचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं: पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना वाचून दाखवणाऱ्या सोयी ग्नोममध्ये अधिक पक्क्या होत्या. ग्नोमला मेमरी जास्त लागते, हे खरं. दोनच जीबी रॅम असेल तर बेलाशक एक्सएफसीई घ्या. मराठी टंकलेखन तिथेही होतं.