नवताऱ्याचे अवशेष

‘अतिदीप्त नवतारा’ या संज्ञेत एक विसंगती आहे: ज्याला नवा म्हणावयाचे, तो वस्तुतः मरणारा तारा होय. सप्तर्षीतील एम ८२ या दीर्घिकेत ताऱ्यांचे जनन उद्रेकासारखे चालू आहे (‘तारास्फोट दीर्घिका’ हा प्रतिशब्द त्यामुळे फसवाच), म्हणून असे मृत्यूही तेथे वारंवार घडतात. धूलिमेघांआड ते पुष्कळदा दृश्य प्रकाशात दिसत नाहीत. २००८ मधील असा एक स्फोट २००९ मध्ये रेडिओतरंगांमुळेच उघडकीस आला. धूळ त्यांना अडवीत नाही. आयनीभूत वायू मात्र दीर्घ तरंग शोषून घेतो. खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण असेच दीर्घ तरंग टिपते. त्या तरंगांत मंदावलेला अवशेष वायूच्या आत किंवा मागे असावा, असे अनुमान निघते.